विमानाला लावलेलं कुंकू

दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीबद्दल मला आज जे काही ठाऊक आहे, ते मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ साचलेला असताना, भेंडी चिरता चिरता शिकले. त्या खंडात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण उद्या कुणी मला तिथल्या विमानांच्या परीक्षेला बसवलं तर पहिल्या वर्गात पास होईन, इतका माझा अभ्यास झाला आहे.

कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. अरुणदादाने शपथ घातली आहे, आणि पुढे काय झालं ते वाचलंत की तुम्हीही म्हणाल, बरं केलंस बाई.

अरुणदादा माझा मामेभाऊ, मूळचा सांगलीचा. विमानं दुरुस्त करायचं शिकून अमेरिकेत गेला आणि सगळी नोकरी त्याने मायामीच्या विमानतळावर, या कंपनीच्या हँगरमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर लेकीजवळ राहायचं म्हणून तो आणि मीनावहिनी नेपरव्हिलला आले, आणि या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. म्हातारपणी मायामीचं ऊन सोडून बर्फात येणारी ही दोनच माणसं असावीत. बाकी सगळी अमेरिका उलट दिशेने जाते.

माणूस निवृत्त झाला, पण कंपनी काही त्याच्यातून निवृत्त झाली नाही. जेवायला बसलं की सुरू.

"सुरुवातीला काय नेत होते, माहितीये का शुभे? पत्रं! नुसती टपालाची पोती! एका इंजिनाची एवढीशी विमानं, खाली अँडीजचा डोंगर, पायलटच्या मांडीवर नकाशा. आणि नकाशात डोंगराची उंची लिहिलेली असायची ती अंदाजे!"

"आई, ही इज डूइंग द मेल प्लेन्स अगेन," दादाची लेक नेहा म्हणायची.

"पोळी वाढ त्यांना. तोंड भरलेलं असलं की थांबतात," वहिनी म्हणायच्या.

थांबत नसे. आमटी-भाताला टपाल व्हायचं, भाजीला सरकारने कंपनी ताब्यात घ्यायची, ताकापर्यंत ती पुन्हा खासगी मालकांकडे जायची. मग शेजारच्या देशातल्या कंपनीशी तिचं लग्न लागायचं. लग्नच ते. विमानाच्या शेपटीला रंग कुठल्या घराण्याचा द्यायचा यावरून मानपान झाले, आणि शेवटी दोघांनाही न आवडणारा तिसराच रंग लागला. बडीशेप खाताना दादा मालवाहतुकीवर यायचा. उत्तरेकडे येताना या विमानांच्या पोटात फुलं, मासे, फळं. दक्षिणेकडे जाताना यंत्रांचे सुटे भाग आणि मोबाइल फोन. "वरती पॅसेंजर सिनेमा बघत असतो, आणि त्याच्या पायाखाली सॅमन मासा बर्फात झोपलेला असतो," असं दादा सांगायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा, की मासा त्यानेच थोपटून निजवला आहे.

तर अशा या दादाला फेब्रुवारीत आमंत्रण आलं. त्याचा जुना सहकारी रामिरो निवृत्त होणार होता आणि हँगरमध्ये निरोपसमारंभ होता. जुन्या मंडळींनी येऊन दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती. दादाने दोन शब्दांची सहा पानं लिहिली, आणि मग त्याचं जेवण कमी झालं. विमानंही बंद झाली. टपालाची पोती तीन दिवस हलली नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

नेपरव्हिल, घरासमोरचा बर्फ

चौथ्या दिवशी सकाळी तो ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला गेला तेव्हा मीही एक फावडं घेऊन मागोमाग गेले. अमेरिकेत घरासमोरचा बर्फ आपला आपण काढायचा असतो. आपल्याकडे सडा घालतात, इथे उलट अंगण खरवडतात. चार फावडी होताच माझी कंबर बोलायला लागली, आणि दहा होताच दादा.

"शुभे, मी रामिरोला फसवलंय. वीस वर्षं झाली."

मी फावडं टेकवलं. पुढची हकिगत त्याने बर्फाकडे बघत सांगितली.

वीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दादाने नेहमीप्रमाणे आपल्या पान्यांची पेटी पुसून तिला कुंकू लावलं. आपल्याकडे त्या दिवशी रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना झेंडूचा हार पडतो, तिथे विमान दुरुस्त करणाऱ्याने पान्यांना कुंकू लावलं तर काय बिघडलं? पण त्या वर्षी दादाला नुकताच स्वतःच्या सहीने विमान उड्डाणाला सोडायचा अधिकार मिळाला होता. आनंद पोटात मावेना. त्याने शिफ्ट संपताना आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि उद्या सकाळी पहिल्यांदा आपल्या सहीने उडणाऱ्या विमानाच्या पुढच्या चाकाच्या दांड्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली. कोरडं कुंकू वाऱ्याने उडेल म्हणून ते खोबरेल तेलात कालवून नेलं होतं.

"तेलाची आयडिया तुझ्या वहिनीची," दादा म्हणाला.

"बरं, मग?"

"पुढच्या चाकाचा जो जाड दांडा असतो ना, स्ट्रट म्हणतात त्याला, त्याच्या आत तेल असतं. विमान उतरताना दणका बसतो तो ते तेल झेलतं." "आणि त्या तेलाचा रंग लाल असतो, शुभे."

मी हसू नये म्हणून ओठ चावला. थंडीने तो आधीच बधिर झाला होता, त्यामुळे किती चावला ते कळलं नाही.

सकाळी मायामीच्या उन्हात कुंकवाचं तेल पातळ होऊन स्ट्रटवरून ओघळलं. पायलट विमानाभोवती शेवटची फेरी मारायला उतरला आणि ओरडला, "लीक!" विमान माणसांनी भरलेलं. तीन तास ते जागेवर खिळून राहिलं. त्या स्ट्रटचं काम आदल्या दिवशी रामिरोने केलं होतं, म्हणून रामिरो चाकाखाली उताणा पडून गळती शोधत राहिला. सापडणार काय? तेल अडवणारं चांगलं रबरी सील काढून दुसरं चांगलं सील बसवलं. कागदावर लिहिलं गेलं, 'कारण सापडलं नाही', आणि खाली रामिरोचं नाव. त्या वर्षी तो हँगरप्रमुख होणार होता. दुसराच झाला. रामिरो नंतर कधीच झाला नाही.

"आणि तू?"

"मी घरी झोपलो होतो. कळलं तोवर सगळं उरकलं होतं. नवीन सही होती माझी, ती काढून घेतली असती. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू." त्याने फावड्याने थोडा बर्फ या बाजूचा त्या बाजूला केला. "आता तो रिटायर होतोय. यापुढे सांगितलं काय, न सांगितलं काय. आणि सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही. माझा या देशात एवढा एकच मित्र आहे, यार."

मी तिथल्या तिथे ठरवलं, आपण मायामीला जायचं. असला प्रयोग चुकवणं शक्यच नव्हतं.

मायामी, कॉफीची खिडकी

नेपरव्हिलहून निघताना अंगावर चार थर होते. मायामीला उतरल्यावर ते एकेक करत कमी झाले आणि शेवटी मी स्वतःचंच कपाट हातात घेऊन उभी होते. वहिनींनी मात्र स्वेटर काढला नाही. विमानतळावर एसी लागतो, हे त्यांचं पन्नाशीपासूनचं धोरण आहे.

मायामीत कॉफी खिडकीतून मिळते. रस्त्याच्या कडेला दुकानाला एक खिडकी, आत एक जाडजूड क्यूबन मावशी, बाहेर उभं राहून गप्पा मारणारी माणसं. मी शेजारच्याकडे बोट दाखवून खुणेने त्याच्यासारखीच मागितली. मध्यम आकाराचा पेला आला, सोबत बोटाच्या पेराएवढे पाच प्लास्टिकचे कप. मला वाटलं, झाकणं असतील. कॉफी गोड, दाट, काळी. मी उभ्या उभ्या सगळी संपवली.

खिडकीतल्या मावशीने हातातलं फडकं खाली ठेवलं. शेजारच्या माणसाने टोपी काढली.

"शुभे," दादा हळूच म्हणाला, "ती पाच जणांची असते. त्या कपांतून वाटून घ्यायची."

म्हणजे आपल्या कटिंगच्या धाकट्या बहिणीचं मी एकटीने अख्खं खानदान प्यायले होते. पुढचे तीन तास मी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही, पण वहिनी सांगतात, दादाला कंपनीचा इतिहास मी परत ऐकवला, पहिल्या पत्रापासून.

मायामी, रामिरोच्या घरी आणि फुलांच्या गुदामात

दुसऱ्या दिवशी दुपारी रामिरोने जेवायला बोलावलं होतं. तो बुटका, रुंद, पांढऱ्या मिशांचा माणूस. दारातच दादाला त्याने असं कवटाळलं की दादाचा चष्मा त्याच्या खांद्यावर राहिला. रामिरोचं इंग्रजी म्हणजे स्पॅनिशच्या तडक्यातलं, आणि माझं सांगलीच्या, त्यामुळे आम्हा दोघांचं एकमेकांशी फार जमलं. त्याच्या बायकोचं नाव ग्लोरिया. तिचा आग्रह बघितल्यावर मला कळलं की आग्रह हा आपला शोध नाही.

तिने एम्पानादा केल्या होत्या. दिसायला थेट करंजी, मुरडसुद्धा घातलेली. मी विचारलं, आत खोबरं का? आत खिमा निघाला. आमच्यासाठी तिने चीजच्या वेगळ्या केल्या होत्या आणि ओळखायला त्यांची मुरड उलटी घातली होती. नंतर दोन बिस्किटांमध्ये दूध आटवून आटवून तांबूस केलेलं सारण घातलेली मिठाई आली. ती मी किती खाल्ली हा या लेखाचा विषय नाही.

दादा सांगायला तोंड उघडत होता.

"रामिरो, मला तुला एक सांगायचंय, त्या पुढच्या चाकाबद्दल..."

"आधी खा!" ग्लोरियाने एक करंजी त्याच्या ताटात टाकली.

दुसऱ्या प्रयत्नाला रामिरोचा फोन वाजला. तिसऱ्या वेळी वहिनींनी टेबलाखालून दादाला ढोसलं, ती लाथ चुकून मला बसली. आणि तेवढ्यात रामिरो स्वतःच म्हणाला,

"आरुन, तुला ती गळती आठवते? तीन तास शोधली होती मी."

दादाने हातातली अख्खी करंजी तोंडात घातली.

"अजून मनात येतं," रामिरो म्हणाला. "तेल होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. मग ते आलं कुठून? आयुष्यात एवढीच एक गोष्ट मला सापडली नाही."

दादा चावत राहिला. चीजची होती, तरी त्याला गिळवेना.

जेवणानंतर रामिरो मला हौसेने मालाच्या गुदामात घेऊन गेला, पाहुण्यांचा बिल्ला लावून. व्हॅलेंटाइनचा आठवडा होता. बाहेर घाम फुटेल अशी हवा आणि आत पाऊल टाकलं की थेट नेपरव्हिल. छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांत गुलाब. काल दुपारी अँडीजच्या उतारावर खुडलेले, पोटात घेऊन विमानाने आणलेले, परवा कुणाच्या तरी हातात जायचे. एक सरकारी तपासनीस बाई एकेक जुडी उलटी धरून पांढऱ्या कागदावर झटकत होत्या आणि पडलेल्या कचऱ्याकडे भिंगातून बघत होत्या. त्यात एखादा किडा सापडला तर अख्खा माल अडतो. मेथीची जुडी आणल्यावर आपण हेच करतो, फक्त आपल्याला त्याचा पगार मिळत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅम, पिवळ्या रेषेच्या मागे उभ्या राहा."

दादा गुलाबांच्या भिंतीशी उभा होता, हात खिशात, थंडीने नाक लाल. "उद्या," तो मला म्हणाला. "उद्या नक्की."

मायामी, हँगर

हँगर म्हणजे काय, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. आमच्या गावचं नाट्यगृह आत ठेवलं तर ते कोपऱ्यात हरवेल. मधोमध एक विमान, पंख पसरून, आणि त्याच्या पोटाखाली घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. विमानाच्या आकाराचा केक. निळ्या गणवेशातली चाळीस-पन्नास माणसं, सगळी हेच काम करणारी. सध्याची हँगरप्रमुख डायना नावाची एक चुणचुणीत बाई होती. ती बोलायला उठली.

"आपल्या कामात एक नियम आहे," ती म्हणाली. "पुढच्या चाकाचा स्ट्रट पांढऱ्या फडक्याने पुसायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि पुन्हा पुसून फडकं बघायचं. डाग लिमिटच्या आत असेल तर विमान सोडायचं, नाहीतर नाही. हा नियम रामिरोने घालून दिला. एकदा एक गळती त्याला सापडली नाही, म्हणून. त्या फडक्याने आजवर खऱ्या गळत्या पकडल्यात."

टाळ्या झाल्या. तिने रामिरोला भेट दिली. चौकटीत बसवलेलं पांढरं फडकं! रामिरोच्या मिशा थरथरायला लागल्या.

मी दादाकडे बघितलं. हा नियम त्याला अर्थातच ठाऊक होता, मला सांगितला नव्हता. आणि आता त्याचंच नाव पुकारलं गेलं.

तो उठला. खिशातली सहा पानं काढली, परत ठेवली. माइकसमोर इंग्रजीत "डिअर रामिरो" म्हणाला. नंतर त्याने आमच्याकडे बघितलं आणि एकदम मराठीत बोलायला लागला. मला त्याचा डाव लगेच कळला. सांगितल्याचं समाधान मिळणार, आणि ऐकणारं कुणी नसणार. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"रामिरो," दादा म्हणाला, "त्या मॉर्निंगला नोज गिअरच्या स्ट्रटवर जे रेड लीक दिसलं ना, ते लीक नव्हतंच. तो हायड्रॉलिक फ्लुइड नव्हता. मी शिफ्टच्या एंडला कोकोनट ऑइलमध्ये कुंकू मिक्स करून स्ट्रटला अप्लाय केलं होतं. तू सील चेंज केलंस, फ्लाइट तीन अवर्स डिले झाली, रिपोर्टमध्ये तुझं नेम गेलं, तुझं प्रमोशन गेलं, आणि मी सायलेंट राहिलो. मिस्टेक माझी होती. सॉरी."

आणि हलकं होऊन तो हसला. अमेरिकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं मराठी! त्यात क्रियापदं तेवढी आपली उरली होती, आणि समोर बसलेल्या माणसांचं पोटच मुळी नोज गिअर, स्ट्रट, लीक आणि सील या शब्दांवर चाललेलं. हँगरमधल्या सगळ्या माना रामिरोकडे वळल्या. सगळ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला,

"व्हॉट इज कुंकू?"

दादाचं हसू जागच्या जागी वाळलं.

वहिनी उठल्या. पर्समधली कुंकवाची डबी काढली, उघडली आणि रामिरोपुढे धरली. "तेल माझं होतं," त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. रामिरोने बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरलं, वास घेतला. मी माझ्या आयुष्यात बरीच नाटकं पाहिली, पण एवढा लांबलेला विराम कुठल्याही नटाला साधलेला पाहिला नाही.

"तीन तास," तो दादाला म्हणाला. "मी त्या चाकाखाली पाठीवर पडलो होतो, आरुन. खिडकीतून एक लहान मुलगी मला जीभ दाखवत होती."

"हो," दादा म्हणाला.

"मला वाटलं, माझा हात गेला. माझे डोळे गेले. वर्षभर मी माझ्याच कामावर विश्वास ठेवत नव्हतो."

"हो."

"प्रमोशनचं सोड. हे तू मला का सांगितलं नाहीस?"

दादाने चष्मा काढला. डोळे वाहायला लागले होते.

रामिरोने डायनाकडे हात पुढे केला. "कोरा फॉर्म दे." ती काहीतरी बोलणार होती, पण त्याच्याकडे बघून तिने मुकाट्याने फॉर्म आणून दिला. रामिरोने केकशेजारी टेबलावर तो पसरला आणि वरच्या रकान्यात लिहिलं: दोष, पुढच्या स्ट्रटवर लाल द्रव. मग पेन दादाच्या हातात दिलं. "कारण तू लिही. आणि सही कर. तुझ्याकडे अधिकार आहे."

दादाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कुंकू. खाली सही केली.

"आता दुसरी सही," डायना हळूच म्हणाली. मला नंतर कळलं की असल्या कामाला एकाची सही पुरत नाही. ज्याने काम केलं त्याने स्वतःच ते तपासायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी बघायचं, तेव्हाच विमान उडतं.

सगळे रामिरोकडे बघायला लागले. त्याने पेन घेतलं. कागदावर टेकवलं. उचललं.

"नियम काय आहे?" त्याने विचारलं.

"पुसायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं," पन्नास माणसं एका सुरात म्हणाली.

रामिरोने चौकटीची पाठ उघडून पांढरं फडकं बाहेर काढलं आणि दादाचा ओला चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत खसाखसा पुसला. मग मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला.

आम्ही दहा मिनिटं थांबलो. खरोखर दहा. केकच्या शेपटीवरचं क्रीम वितळून खाली यायला लागलं, कुणी हात लावला नाही. दादा समोर बघून उभा होता आणि रडायचं नाही असा प्रयत्न करत होता, आणि त्याला आयुष्यात कुठलाच प्रयत्न इतका वाईट जमला नसेल. रामिरो त्याच्याकडे बघत होता.

दहा मिनिटं झाली. रामिरो उठला, फडक्याची कोरी बाजू काढून दादाच्या गालावर टेकवली आणि ते उजेडात धरून, चष्मा वर-खाली करत, बराच वेळ निरखलं.

"लीक आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण लिमिटच्या आत."

आणि त्याने सही केली.